एक स्रोत म्हणजे एक जागा नव्हे : शेअर्ड स्टोअरच्या सवयीची समीक्षा

आजचा विषय रोजच्या कामातला आहे. वेब अॅप्लिकेशन लिहिताना एखाद्या कंपोनंटच्या आत असलेली स्टेट बाहेर काढायची आणि सगळ्यांच्या सामायिक स्टोअरमध्ये ठेवायची, हे काम आपल्यापैकी बहुतेकांनी केलेलं आहे. कुणी रिडक्समध्ये, कुणी व्ह्यूएक्स किंवा पिनियामध्ये, कुणी झुस्टँडमध्ये. त्यावर कोड रिव्ह्यूत फारशी चर्चाही होत नाही. ‘हे दोन ठिकाणी लागतंय ना, मग स्टोअरमध्ये टाकून दे,’ एवढं एक वाक्य पुरतं. आज आपण या वाक्याची समीक्षा करणार आहोत.

जे नव्यानं शिकताहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. स्टेट म्हणजे स्क्रीन चालू असताना बदलत राहणारी माहिती : रकान्यात काय टाइप केलंय, कुठला टॅब उघडा आहे, यादीत काय काय आलंय. ही माहिती ज्या कंपोनंटची आहे त्याच्या आत ठेवता येते, किंवा सगळ्या कंपोनंटना हात पोचेल अशा एका बाहेरच्या जागी ठेवता येते. त्या बाहेरच्या जागेला आपण आज स्टोअर म्हणू.

रिडक्स चांगलं की वाईट, या वादात आपल्याला पडायचं नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. स्टेट बाहेर काढताना आपण नेमकं काय देतो आणि बदल्यात काय घेतो?

स्टोअर आलं कशासाठी

सुरुवात न्यायानं करू या. स्टोअरची कल्पना एका खऱ्या दुखण्यातून आली. २०१४ साली फेसबुकच्या एफ८ परिषदेत फ्लक्स ही रचना मांडली गेली, तेव्हा दिलेलं उदाहरण अनेकांच्या लक्षात असेल. वर चॅटच्या चिन्हावर एक न वाचलेला मेसेज दिसायचा. उघडून पाहिलं तर नवं काही नसायचं. बग दुरुस्त व्हायचा, काही दिवस बरे जायचे, आणि तो पुन्हा उगवायचा. कारण एकच गोष्ट तीन ठिकाणी दिसत होती : वरचा आकडा, खालची चॅटची खिडकी आणि मेसेजांचं मुख्य पान. प्रत्येक ठिकाण आपापला हिशेब ठेवत होतं, आणि हिशेब जुळत नव्हता.

त्यावर फ्लक्सचं उत्तर असं : हिशेब एका जागी ठेवा आणि बदल एकाच दिशेनं वाहू द्या. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, डॅन अब्रामोव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांनी रिडक्स आणलं. फ्लक्समध्ये अनेक स्टोअर असत, रिडक्सनं एकच ठेवलं. त्याची तीन तत्त्वं प्रसिद्ध आहेत : सत्याचा एकच स्रोत; स्टेट फक्त वाचायची; आणि बदल करायचा तर शुद्ध फंक्शनमधून.

यातलं दुसरं आणि तिसरं तत्त्व खरोखर मोलाचं आहे. ते का, हे समजायला थोडं मागे जाऊ. १९७३ साली विल्यम वुल्फ आणि मेरी शॉ यांनी ग्लोबल व्हेरिएबल घातक आहेत अशी मांडणी करणारा लेख लिहिला. मुद्दा साधा होता : कोडचा एक तुकडा समजून घ्यायला तो तुकडा पुरेसा असावा. बाहेरून कुणीही त्याच्या पायाखालची माहिती बदलू शकत असेल, तर सगळा प्रोग्रॅम वाचल्याशिवाय एक तुकडाही कळत नाही.

आमच्या मते ग्लोबल व्हेरिएबलमध्ये तीन दोष असतात. पहिला, ते कुणीही बदलू शकतं. दुसरा, प्रोग्रॅम चालू आहे तोवर ते जिवंत राहतं. तिसरा, ते एकच असतं. त्याची दुसरी प्रत काढता येत नाही. रिडक्सनं पहिल्या दोषावर चांगला इलाज केला. बदल करायचा तर अॅक्शन पाठवा, तिची नोंद होईल, डेव्हटूल्समध्ये मागे जाऊन कुठल्या पावलावर काय बिघडलं ते पाहता येईल. ही छोटी गोष्ट नाही. ज्यांनी मोठ्या अॅपमधला एखादा बग अॅक्शनची यादी वाचून पकडलाय, त्यांना तिची किंमत माहीत आहे.

पण दुसरा आणि तिसरा दोष? ते तसेच राहिले. स्टोअर दीर्घायुषी आहे आणि एकुलतं एक आहे. कंपोनंटची स्टेट याच दोन बाबतींत त्याच्या अगदी उलट असते : कंपोनंट आला की ती येते, गेला की जाते, आणि तोच कंपोनंट पाच वेळा मांडला तर पाच स्वतंत्र स्टेट मिळतात. हे दोन्ही आपल्याला फुकट मिळत असतं. फुकट मिळतं म्हणूनच ते गेल्याचं लवकर कळत नाही.

एका फॉर्मची गोष्ट

उदाहरण कल्पित घेऊ, पण परिस्थिती आपल्या ओळखीची. गावातल्या सेवा केंद्रात एकच ऑपरेटर एकाच संगणकावर दिवसभर वेगवेगळ्या लोकांचे अर्ज भरतो. समजा, उत्पन्नाच्या दाखल्याच्या अर्जासाठी आपण रिअॅक्टमध्ये एक अॅप लिहितोय.

पहिल्या आवृत्तीत फॉर्मची स्टेट फॉर्मच्या आतच आहे. ‘नवा अर्ज’ दाबलं की फॉर्मची की बदलते. रिअॅक्ट जुना कंपोनंट टाकून देतो आणि कोऱ्या स्टेटसह नवा मांडतो. जुनी माहिती पुसण्यासाठी कुणी एक ओळही लिहिलेली नाही.

मग मागणी येते : वरच्या पट्टीत ‘१ अर्ज अपूर्ण’ असं दिसलं पाहिजे. पट्टी फॉर्मपासून दूर, झाडाच्या वेगळ्या फांदीवर. आपला डेव्हलपर म्हणतो, दोन ठिकाणी लागतंय, स्टोअरमध्ये टाकू. अख्खा फॉर्म, त्यातल्या प्रत्येक रकान्यासह, स्टोअरमध्ये जातो. डेमो छान होतो, कारण डेमोत एकच अर्ज भरतात.

आता केंद्रात काय होतं बघा. एका बाईंचा अर्ज भरता भरता त्यांच्याकडे एक कागद नसल्याचं कळतं. त्या कागद आणायला घरी जातात. मागे रांग आहे. ऑपरेटर ‘नवा अर्ज’ दाबून पुढच्या काकांचा अर्ज घेतो. जुना कंपोनंट गेला, नवा आला, पण स्टोअरला त्याचा पत्ताच नाही. रकान्यांत बाईंचीच माहिती. नाव आणि पत्ता समोर दिसतात, म्हणून ऑपरेटर ते बदलतो. ‘इतर उत्पन्न’ हा भाग मिटलेला आहे. त्यातला बाईंचा आकडा तसाच राहतो, आणि काकांच्या अर्जासोबत सबमिट होतो. या दाखल्यावर पोरांची शिष्यवृत्ती आणि फीची सवलत अवलंबून असते. घोळ कळेपर्यंत कदाचित मुदत उलटून गेलेली असेल.

डेव्हलपरला बग कळवला जातो. तो म्हणतो, सोपं आहे, रीसेटची अॅक्शन लिहू. पण ती पाठवायची कधी? कंपोनंट जाताना पाठवली, तर ऑपरेटर कागदपत्रांच्या स्क्रीनवर जाऊन परत येईपर्यंत अर्धा भरलेला फॉर्म साफ. कंपोनंट येताना पाठवली, तरी तेच. ‘नवा अर्ज’ बटणावर पाठवली, तर त्या बाईंचा अर्धा अर्ज गेला; शिवाय शोधाच्या स्क्रीनवरून फॉर्म उघडला तर ते बटण वाटेत येतच नाही. म्हणजे फॉर्मकडे येणाऱ्या प्रत्येक वाटेवर कुणीतरी झाडू घेऊन उभं राहायला हवं, आणि उद्या नवी वाट काढणाऱ्याला ते आठवायला हवं.

यात आणखी एक भर पडते. समजा शिधापत्रिकेच्या नंबरवरून कुटुंबाची माहिती सर्व्हरकडून मागवली जाते, आणि बाईंसाठी केलेली विनंती रेंगाळते. उत्तर येईपर्यंत समोर काकांचा अर्ज असतो. पहिल्या आवृत्तीत उशिरा आलेलं उत्तर जुन्या कंपोनंटच्या दारात पोचलं असतं, आणि तो कंपोनंट आता नाही म्हणून तिथंच विरलं असतं. स्टोअरचं दार मात्र सदैव उघडं. बाईंचं कुटुंब काकांच्या अर्जात येऊन बसतं.

शेवटी कुणीतरी अनुभवी माणूस सुचवतो की प्रत्येक अर्जाला आयडी द्या आणि स्टोअरमध्ये आयडीनुसार वेगवेगळे मसुदे ठेवा. हा सल्ला बरोबर आहे. पण आपण इथवर कसे आलो, ते पाहा. कंपोनंट जे फुकट देत होता – प्रत्येक वेळी वेगळी प्रत आणि काम संपलं की आपोआप सफाई – तेच आता आपण हातानं लिहितोय. मसुदे खरोखर टिकायला हवे असतील तर हे लिहिणं योग्यच. पण ती गरज ओळखून घेतलेला निर्णय हवा. ‘दोन ठिकाणी लागतंय’ हे त्याचं कारण होऊ शकत नाही.

आणि मुळात पट्टीला काय हवं होतं? अपूर्ण अर्जांची संख्या. एक आकडा. तेवढ्यासाठी आपण बाईंचं सगळं उत्पन्न चव्हाट्यावर आणलं.

लॉगआउट आणि सर्व्हर

दीर्घायुष्याचा दोष फॉर्मपुरता राहत नाही. सिंगल पेज अॅपमध्ये लॉगआउट केल्यावर पान पुन्हा लोड होतंच असं नाही. टोकन पुसलं जातं, लॉगिनची स्क्रीन दिसते, आणि स्टोअर मेमरीत जसंच्या तसं. त्याच संगणकावर दुसऱ्या माणसानं लॉगिन केलं, तर नवी माहिती येईपर्यंत क्षणभर का होईना आधीच्याची यादी दिसते. रूट रिड्यूसरमध्ये लॉगआउटची अॅक्शन पकडून सगळं कोरं करायची पद्धत आहे. ती मुद्दाम लिहावी लागते. स्टोअर लोकल स्टोरेजमध्ये साठवणारी लायब्ररी वर बसवली असेल, तर पान रीफ्रेश करूनही सुटका नाही. ज्या देशात एक संगणक किंवा एक फोन चार माणसं वापरतात, तिथं याला किरकोळ बग म्हणता येत नाही.

सर्व्हरवर तर हे आणखी गंभीर. पान सर्व्हरवर तयार होत असेल आणि स्टोअर फाइलच्या वरच्या पातळीवर एकदाच बनवलेलं असेल, तर तेच एक स्टोअर येणाऱ्या सगळ्या वापरकर्त्यांच्या विनंत्यांना मिळतं. एकाची माहिती दुसऱ्याच्या पानात जाऊ शकते. व्ह्यूच्या अधिकृत दस्तऐवजात या धोक्यासाठी स्वतंत्र विभाग आहे, आणि प्रत्येक विनंतीला नवं स्टोअर बनवा हा सल्ला रिडक्सचे दस्तऐवजही देतात. ब्राउझरमध्ये जे ‘एकच’ असणं सोयीचं वाटत होतं, ते सर्व्हरवर गळती होतं.

वाक्यातला घोटाळा

मग एवढ्या हुशार माणसांनी बनवलेल्या रचनेत हा गोंधळ आला कुठून? आमच्या मते तो एका वाक्याच्या वाचनातून आला : सत्याचा एकच स्रोत.

या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक : प्रत्येक गोष्टीला एक मालक असावा. दुसरा : सगळ्या गोष्टींना मिळून एकच मालक असावा. चॅटच्या आकड्याचा बग बरा करायला पहिला अर्थ पुरेसा होता. न वाचलेल्या मेसेजांचा हिशेब कुणीतरी एकानं ठेवावा, बास. आपण मात्र सवयीनं दुसरा अर्थ घेतला. रिअॅक्टच्या आजच्या अधिकृत दस्तऐवजात हा खुलासा स्पष्ट केलेला आहे : प्रत्येक स्टेटला तिचा एक धनी कंपोनंट ठरवा, याचा अर्थ सगळी स्टेट एका जागी असते असा नाही.

आणि या बाबतीत रिडक्सवाल्यांना दोष देणं अन्यायाचं होईल. अब्रामोव्ह यांनी २०१६ मध्येच ‘तुम्हाला रिडक्सची गरज नसेलही’ अशा आशयाचा लेख लिहिला. रिडक्सच्या शैली-मार्गदर्शिकेत फॉर्मची स्टेट स्टोअरमध्ये ठेवू नका, असं जोरदारपणे सुचवलेलं आहे. रिडक्स फॉर्म नावाची लायब्ररी एके काळी घरोघरी होती, तिच्यात प्रत्येक अक्षरागणिक अॅक्शन जायची. तिचे कर्ते एरिक रासमुसेन यांनी पुढे रिअॅक्ट फायनल फॉर्म ही स्टोअरवर न विसंबणारी लायब्ररी लिहिली, आणि नवा प्रकल्प रिडक्स फॉर्मवर सुरू करू नका, असं खुद्द रिडक्स फॉर्मच्या पानावर लिहिलेलं आहे. व्ह्यूकडेही प्रवास त्याच दिशेनं झाला : व्ह्यूएक्सचं एकसंध झाड मागे पडलं आणि पिनियात लहान लहान स्वतंत्र स्टोअर आली. म्हणजे साधनं बनवणारे शहाणे झाले; वापरणाऱ्यांची सवय तेवढी मागे राहिली.

मग ठरवायचं कसं

‘किती ठिकाणी लागतं?’ हा प्रश्न आपण बाजूला ठेवू. वाचणारे किती आहेत यावरून मालक ठरत नाही. वाडीतल्या विहिरीवर दहा घरं पाणी भरतात, म्हणून प्रत्येक घराचा हंडा विहिरीवर ठेवत नाहीत. त्याऐवजी तीन प्रश्न विचारू.

पहिला : याचा खरा मालक कोण? यादीतली माहिती बहुतेक वेळा सर्व्हरची असते. आपल्याकडे असते ती तिची प्रत. प्रत शिळी होते, पुन्हा मागवावी लागते. तिच्यासाठी टॅनस्टॅक क्वेरी, एसडब्ल्यूआर यांसारखी साधनं आहेत. रिडक्स टूलकिटनंही २०२१ मध्ये आरटीके क्वेरी देऊन हे काम वेगळं असल्याचं मान्य केलं. शोधाचे फिल्टर आणि पान क्रमांक यांचा मालक बहुधा यूआरएल : लिंक पाठवली तर समोरच्याला तेच दिसायला हवं ना?

दुसरा : याचं आयुष्य किती? स्क्रीन गेल्यावर ही माहिती उरायला हवी का? लॉगिन केलेला माणूस, निवडलेली भाषा, ऑफलाइन असताना भरलेली टोपली – यांना कुठल्याही एका स्क्रीनपेक्षा जास्त जगायचं आहे. त्यांना स्टोअर द्या, खुशाल द्या. ड्रॉपडाउन उघडा आहे की मिटलेला, चुकीचा इशारा कुठल्या रकान्याखाली दाखवायचा – हे स्क्रीनसोबत जाऊ द्या.

तिसरा : एकाच वेळी याच्या किती प्रती असू शकतात? उत्तर ‘कधीतरी दोन’ असं आलं, तर एकुलत्या एक जागी ते ठेवू नका, किंवा पहिल्या दिवसापासून आयडीनुसार ठेवा.

यातून एक नियम निघतो : वर न्यायचंच असेल तर लागेल तेवढीच सर्वांत लहान गोष्ट वर न्या. पट्टीला आकडा हवा, आकडा द्या. दोन शेजारच्या कंपोनंटना हवं, तर त्यांच्या जवळच्या पालकात ठेवा. प्रॉप्स चार थरांतून खाली ढकलाव्या लागतात ही तक्रार रास्त आहे. पण पुष्कळदा मधले थर चिल्ड्रन वापरून लिहिले की ढकलाढकली निम्मी होते, आणि उरलेल्यासाठी कॉन्टेक्स्ट आहे. कॉन्टेक्स्टमधलं मूल्य बदललं की ते वाचणारे सगळे कंपोनंट पुन्हा रेंडर होतात, तेवढं ध्यानात असू द्या.

स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तर एक सोपी चाचणी : कंपोनंटचा फोल्डर डिलीट करून बघा. त्याच्यासोबत त्याची सगळी माहितीही गेली का? की स्टोअरमध्ये एक स्लाइस, तीन अॅक्शन आणि दोन सिलेक्टर मागे उरले, आणि ते आता कुणाचे हे सांगता येत नाही? जुन्या अॅपमध्ये अशा बेवारस स्लाइस किती आहेत ते मोजा. काढायला कुणी धजत नाही, कारण कुणी वाचत असेल की काय, ही भीती. वुल्फ आणि शॉ यांची तक्रार नेमकी हीच होती.

एक आक्षेप घेतला जातो, त्यात तथ्य आहे. मोठ्या टीममध्ये, जिथं माणसं वर्षभरात बदलतात, ‘सगळं स्टोअरमध्ये’ हा नियम शिकवायला सोपा. प्रत्येक वेळी तीन प्रश्न कोण विचारत बसणार? पण सोपा नियम निर्णय टाळतो, काम टाळत नाही. सफाई कधी करायची, प्रती वेगळ्या कशा ठेवायच्या, उशिरा आलेलं उत्तर कुठं टाकायचं – हे निर्णय नंतर घ्यावेच लागतात. फक्त ते बगच्या रूपानं येतात, आणि तोवर मूळ डेव्हलपर दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

एक प्रश्न

*श्रोत्यांमधून : आमच्या अॅपमध्ये पाच वर्षांपासून सगळंच स्टोअरमध्ये आहे. ते परत लिहायला कुणी वेळ देणार नाही. सुरुवात कुठून करायची?*

परत लिहू नका. चालणारं अॅप मोडून तत्त्व सिद्ध करण्यात हशील नाही. आधी लॉगआउट पाहा : दोन वेगळ्या खात्यांनी एकाच ब्राउझरमध्ये पाठोपाठ लॉगिन करा आणि काय दिसतं ते तपासा. सर्व्हरवर रेंडरिंग असेल तर स्टोअर कुठं बनतं ते शोधा. हे दोन आजच करण्यासारखं आहे, कारण इथं चूक झाली तर एकाची माहिती दुसऱ्याला दिसते.

मग फॉर्मकडे वळा. ज्या फॉर्मवर ‘जुनी माहिती दिसते’ अशी तक्रार एकदा तरी आली असेल, तो पहिला घ्या. त्याची स्टेट आत आणा, बाहेर ज्याला जे हवं तेवढंच कळवा, आणि झाडू मारणाऱ्या अॅक्शन काढून टाका. एका वेळी एक फॉर्म. आणि नवा कोड लिहिताना कुणी म्हणालं की स्टोअरमध्ये टाकून दे, तर शांतपणे विचारा : ही स्क्रीन बंद केल्यावर हे कुणाला हवं असेल? उत्तर देताना समोरचा अडखळला, तर ती स्टेट आहे तिथंच राहू द्या.

इथं थांबू.